गावचाच पोरगा, म्हणून फुकट?



गेल्या आठवड्यातली नोंद. गडब, रात्रीचे साडेबारा, पाऊस चालूच. शेजारच्या दादांची म्हैस संध्याकाळी सातला व्यायली. पारडी झाली, पण जार पडला नव्हता. घरात सगळे घाबरलेले. कुणीतरी सांगितलं, लोंबणाऱ्या जाराला दगड बांधा, वजनानं सुटेल. दगड आणलाही होता.

आमच्या आळीतला एक पोरगा कृत्रिम रेतनाचं काम करतो. मोटारसायकलला नायट्रोजनचं कंटेनर बांधून आसपासच्या गावांत फिरतो. फोन केल्यावर भिजत आला. पहिला तो दगड बाजूला ठेवायला लावला. म्हणाला, "ओढू नका, काही बांधू नका. आठ ते बारा तासांत बहुतेक वेळा आपोआप पडतो. ओढलात तर आत तुटेल, पिशवीला इजा होईल, मग म्हैस पुन्हा गाभण राहायची पंचाईत."

मग विचारलं, पारडीला चीक पाजलात का? नव्हता पाजला. जार पडल्याशिवाय धार काढायची नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्यानं आधी पारडी कासेला लावली. चीक जितका लवकर पोटात जाईल तितकं वासराचं बळ, आणि पिल्लू चोखायला लागलं की जार सुटायलाही मदतच होते. जाताना म्हणाला, "सकाळपर्यंत नाही पडला तर डॉक्टरांना बोलावू. आत हात घालायचं काम माझं नाही."

पहाटे चारला जार पडला.

दुसऱ्या दिवशी पोरानं 200 रुपये मागितले. दादा हसले. "अरे, तू काय केलंस? इंजेक्शन नाही, गोळी नाही. नि गावचाच पोरगा ना तू!" चहा पाजून वाटेला लावला. त्याच आठवड्यात पाण्याची मोटर जळाली, तेव्हा मेकॅनिकला 1500 रुपये मोजून दिले. घासाघीस नाही.

दादांना नावं ठेवत नाही. मागच्या वर्षी माझी गाय दोनदा उलटली, तेव्हा हाच पोरगा तीन फेऱ्या मारून गेला. मी एकाच फेरीचे पैसे दिले. म्हणून हे लिहितोय.

माझं मत सरळ आहे. जनावरांची सेवा हा आपल्या खारेपाटात चांगला पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो. आपणच तो होऊ देत नाही, कारण आपण औषधाचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. त्या रात्री पोरानं जे केलं नाही, त्यातच म्हैस वाचली.

हिशोब करू. म्हैस साधारण 21 दिवसांनी माजावर येते. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, ओरडत नाही, पहाटे किंवा रात्रीच लक्षात येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की पुढचे 21 दिवस नुसता खर्च. पेंढा, पेंड, मजुरी मिळून दिवसाचे 150 रुपये धरा, 3150 रुपये गेले. आणि वेळेवर येणाऱ्या पोराला 200 द्यायला आपला हात आखडतो.

दारात सेवा द्यायची ही कल्पना आपल्या महाराष्ट्रातच मोठी झाली. 1946 साली गांधीजी उरुळीकांचनला आले, तिथल्या निसर्गोपचार आश्रमाचं काम त्यांनी मणिभाई देसाईंवर सोपवलं. मणिभाई पशुवैद्य नव्हते. गीर गाई सांभाळता सांभाळता शिकले आणि 1967 मध्ये बाएफ ही संस्था उभी केली. गाय घेऊन केंद्रावर पायपीट करण्याऐवजी शिकलेला माणूस शेतकऱ्याच्या गोठ्यात जाईल, ही पद्धत त्यांनी रुजवली. 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या कामाचा कणा होता गावोगाव दुचाकीवर फिरणारा कार्यकर्ता. आमचा पोरगा त्याच जातकुळीतला.

आता पालकांसाठी. "ढोरांच्या मागं किती दिवस फिरणार, कंपनीत चिकट," हे घरोघरी ऐकतो. डॉक्टर व्हायचं तर नीट द्यावी लागते, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं जातात. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं आहे, आपल्यापासून फार लांब नाही. पण प्रत्येकाला डॉक्टरच व्हायला नको. पशुसंवर्धनाची पदविका आहे, 'मैत्री' योजनेत कृत्रिम रेतनाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण आहे. फक्त मर्यादा ओळखावी. 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम. बाकीच्यांनी किरकोळ सेवा द्यायच्या, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. जो पोरगा "हे माझं काम नाही" म्हणतो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा. जो प्रत्येक रोगाला पिशवीतून सुई काढतो, त्याला गोठ्याबाहेर ठेवा.

कुणी म्हणेल, सरकारी सेवा आहे की. आहे, आणि वापरायलाच हवी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर फोनमध्ये ठेवा. घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत यांच्या लसी सरकारी वेळापत्रकानुसार टोचून घ्या. पण रात्री साडेबाराला हाकेच्या अंतरावर कुणी हवं असेल तर त्याचं घर आपल्या पैशांवर चाललं पाहिजे.

आम्ही पाच-सहा घरांनी ठरवलंय. दिवसाच्या फेरीचे 150, रात्रीच्या 300, इंजेक्शन दिलं तरी आणि नुसता सल्ला दिला तरी. उधारी महिनाअखेर मिटवायची. रक्कम कमी-जास्त होईल, पण फेरी फुकट नाही. माझे मागचे दोन फेऱ्यांचे पैसे मी काल देऊन आलो.

त्याला एका कंपनीतून कंत्राटी कामाची विचारणा आलीये. अजून उत्तर दिलेलं नाही म्हणाला. गेला तर त्याला दोष देणार नाही. पण पुढच्या वेळी दगड आणणारे असतील आणि तो बाजूला ठेवायला लावणारा कुणी नसेल.

तुमच्या गावात एका फेरीचे किती देता? देता का? खाली लिहा.