गाडी कमी फिरते, म्हणून?
‘आमची गाडी फिरतेच कुठे? ऑइल बदलायचं कशाला?’ हा प्रश्न पाचव्या पिढीची होंडा सिटी बाळगणारेही विचारतात. तिचं पेट्रोल इंजिन १,४९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, १२१ पीएस ताकदीचं. त्यात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे ठरावीक अंतरानं बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. पण ही चेन ऑइलवरच जगते. तिचा ताण सांभाळणारा टेन्शनर आणि व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा, दोन्ही ऑइलच्या दाबावर चालतात, तेही बारीक वाटांमधून. घरापासून भाजी मंडईपर्यंतच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. ज्वलनातली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि तिथंच राहतं. वर सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन चालूच असतं, मीटर मात्र हलत नाही. म्हणून दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते पाळायचं. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच. ‘घट्ट ऑइल इंजिनाला चांगलं’ हा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळातला आहे. कूलंटमध्ये नळाचं पाणी ओतणं तर शुद्ध आळस, क्षार साचून रेडिएटर चोंदतो. एअर फिल्टरचं फार कौतुक नको, मळला की बदलावा. आणि महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि डिपस्टिक स्वतः ओढून बघा.