एका कंपनीचं भूत

‘काहीतरीच काय!’ मराठीतल्या सगळ्या संपादकांनी मिळून परत पाठवल्या नसतील इतक्या गोष्टी या दोन शब्दांनी मारल्या असतील. गंमत म्हणजे बहुतेक वेळा हे दुसरं कुणी म्हणतच नाही, आपणच स्वतःला म्हणतो. रात्री साडेअकराच्या लोकलमध्ये डोक्यात काहीतरी भन्नाट चमकतं, मोबाइलवर दोन ओळी टाइप होतात. सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये त्याच ओळी पुन्हा वाचल्यावर आपल्यालाच लाज वाटते. डिलीट!

आमच्याकडे एकजण आहे. दिवसा एक्सेल, रात्री कथालेखन. गाव अंजनवेल, तालुका गुहागर. त्याच्या कथा तुम्ही न वाचताही सांगू शकाल. बंद घर, ओटीवर बसलेली आजी, मुंबईहून आलेला नातू आणि विकायला काढलेली आंब्याची बाग. वाईट नसतात हो, पण ती आजी आपल्याला आधी पन्नास दिवाळी अंकांत भेटलेली असते. परवा डबा खाताना तो एकदम म्हणाला, ‘एक भुताची गोष्ट डोक्यात आहे. पण भूत माणसाचं नाही. कंपनीचं.’ टेबलावर हशा. ‘म्हणजे बॅलन्स शीटचे पाय उलटे का रे?’ कुणीतरी विचारलं. तोही हसला, ‘जाऊ दे यार’ म्हणाला आणि डबा बंद.

ही कल्पना वेडगळ आहे का? अंजनवेल कुठे आहे ते बघा, मग ठरवा. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे, दक्षिण तीरावर हे गाव. खाडीच्या तोंडाशी गोपाळगड, जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. समोरच्या तीरावर दाभोळ. 1992 साली एन्रॉन महाराष्ट्रात आली. कंपनीचं नाव ठेवलं ‘दाभोळ पॉवर’, पण प्रकल्प दाभोळला नाहीच! तो खाडीच्या अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या बाजूला. आंदोलनं झाली, 1995मध्ये नव्या सरकारनं करार रद्द केला, मग पुन्हा केला. 1999मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. विजेचा दर परवडेना म्हणून 2001मध्ये वीज मंडळानं हात वर केले. प्रकल्प बंद पडला, दुसरा टप्पा पुरा होता होता राहिला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉननं दिवाळं काढलं. 2005 साली ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही नवी कंपनी आली, कागदोपत्री सगळं बदललं. आमच्या मित्राच्या घरी मात्र अजूनही ‘एन्रॉनच्या गेटपाशी भेट’ असंच म्हणतात.

आता आपल्याकडच्या भुतांचे कायदेकानू आठवा. मुंजा का होतो? काहीतरी अपुरं राहिलं म्हणून. इथे तर मेलेली कंपनी आहे, अर्धवट सुटलेला टप्पा आहे, चुकीच्या तीरावरच्या गावाचं नाव आहे आणि माणसं तिला अजून नावानं हाक मारतायत. भूत व्हायला आणखी काय लागतं? टेबलावर हसलेल्या मंडळींनी ही गोष्ट ऐकलीच नव्हती. त्यांनी फक्त एक वाक्य ऐकलं होतं, आणि एका वाक्यात सांगितली तर कुठलीही विचित्र कल्पना विनोदीच वाटते. ‘एक माणूस सकाळी किडा होऊन उठतो’ असं काफ्कानं डबा खाताना सांगितलं असतं, तर आपण काय केलं असतं?

हे ओळखणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. डॉ. जयंत विष्णू नारळीकर तेव्हा देशभर ठाऊक झालेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी ‘कृष्णविवर’ नावाची कथा लिहिली आणि पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आद्याक्षरं चक्क उलटी केलेली! परीक्षकांनी नाव नाही, कथा वाचावी एवढाच हेतू. पहिलं बक्षीस मिळालं. विज्ञानकथा मराठीला अगदीच नवी नव्हती, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न केव्हाच घराघरात पोचवला होता. पण बऱ्याच जणांच्या लेखी तो पोरांचा खाऊ. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली, आणि 2021च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते. मला यातली टोपणनावाची युक्ती सगळ्यात आवडते. ‘लोक मला काय म्हणतील’ हा प्रश्न त्यांनी कथेच्या वाटेतून सरळ उचलून बाजूला ठेवला.

दुसरं उदाहरण अंजनवेलच्या पाण्यातलंच आहे म्हणा ना. खेड तालुक्यातली जगबुडी नदी वाशिष्ठीला मिळते आणि तिचं पाणी अंजनवेलवरूनच समुद्रात जातं. त्या जगबुडीकाठचं तुंबाड श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’मध्ये अमर केलं. राही अनिल बर्वेनं हे नाव आपल्या सिनेमासाठी उचललं, पण सिनेमाचं बीज वेगळं. 1993मध्ये, शाळकरी वयात, नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्याला नारायण धारपांची कथा सांगितली आणि तो टरकला. 1997मध्ये पहिला खर्डा. मग निर्माते येत राहिले, जात राहिले. 2012मध्ये शूटिंग, नंतर बरंचसं पुन्हा शूटिंग, आणि पडद्यावर आला ऑक्टोबर 2018मध्ये. 2024मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला! लोभी देवाची आणि आजीची ती भानगड एका वाक्यात सांगितली, तर कुठला निर्माता चेकबुक काढेल?

अर्थात प्रत्येक वेड्या कल्पनेत ‘तुंबाड’ लपलेला नसतो. निम्म्याहून जास्त कल्पना पाचव्या पानावर दम तोडतात, आणि तोडू द्याव्यात. माझं म्हणणं एवढंच की त्यांना पाचव्या पानापर्यंत जाऊ द्या. तोवर डब्याच्या टेबलावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर, बायकोला, कुणालाच सांगू नका. अशक्य गोष्ट एकच ठेवा, बाकी सगळं खरं हवं. कंपनीचं भूत मानायचं ना? मग धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट, जमिनीचे सातबारा, गेटवरचा वॉचमन, सगळं जिथल्या तिथे असलं पाहिजे. आणि कल्पनेला खडसावून विचारा: या भुताला हवंय काय? ते कुणाला दिसतं? जमीन देणाऱ्याला की नोकरी लागलेल्याला? दोघांनाही दिसत असेल तर एकसारखंच दिसतं का? उत्तरं येत गेली तर गोष्ट आहे. नाही आली तर ती नुसती कोटी होती, तिथेच सोडा.

दिवाळी अंकांना कथा पावसाळ्यातच पोचवाव्या लागतात, म्हणजे हातात वीकेण्ड मोजकेच. लाज वाटत असेल तर आद्याक्षरं उलटी करा आणि पाठवा.