नाईट म्हणजे रात्र नव्हे!

'द डार्क नाईट' हे नाव देवनागरीत लिहिलं की एक घोटाळा होतो. यातला 'नाईट' म्हणजे रात्र नव्हे, चिलखत घातलेला सरदार. पण आपल्या लिपीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. त्यामुळे कोणी त्याचा अर्थ 'काळोखी रात्र' असा लावला तर त्याला हसू नये. हसायचंच असेल तर हॉलिवूडला हसावं. त्यांच्या लिपीत हे दोन शब्द चांगले वेगळे लिहितात. तरीही २००८ पासून त्यांनी या सिनेमातून उचलली ती रात्रच!

१८ जुलै २००८ रोजी ख्रिस्तोफर नोलनचा हा बॅटमॅनपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. तेव्हापासून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. 'या सिनेमाने सुपरहिरोला वयात आणलं.' इफ्फीच्या रांगेत ऐकलं, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ऐकलं, आणि कॉलेजात जाणारी पोरंसुद्धा हेच ऐकवतात. माझं म्हणणं उलट आहे. सिनेमा उत्तम आहे, यात वाद नाही. पण त्याचा जो प्रभाव पडला त्याने लोकप्रिय सिनेमाचं भलं कमी आणि नुकसान जास्त केलं.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊन टाकू. जगभरात शंभर कोटी डॉलर्सच्या वर कमाई. हीथ लेजरचा जोकर! हा नट जानेवारी २००८ मध्येच गेला आणि २००९ मध्ये त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. सिनेमाला आठ नामांकनं मिळाली, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत मात्र त्याला जागा नव्हती. त्यावर बरीच ओरड झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये अकादमीने त्या यादीतल्या जागा पाचाच्या दहा केल्या. ही ओरड हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. शिवाय नोलनने काही प्रसंग भल्यामोठ्या आयमॅक्स कॅमेऱ्यांनी टिपले आणि शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा ट्रक उलटा केला. आता गंमत बघा. हे जे खर्चाचं आणि कष्टाचं काम होतं, ते फार थोड्यांनी उचललं. स्वस्तात मिळणारं ते सगळ्यांनी उचललं.

काय उचललं? जोकर मुद्दाम पकडला जातो आणि कोठडीत बसूनच डाव पुरा करतो. २०१२ मध्ये 'द अ‍ॅव्हेंजर्स'मधला लोकी मुद्दाम पकडला गेला. त्याच वर्षी 'स्कायफॉल'मध्ये जेम्स बाँडचा शत्रू सिल्व्हा मुद्दाम पकडला गेला. ('डार्क नाईट'चं ऋण दिग्दर्शक सॅम मेंडिसने स्वतःच मान्य केलंय.) २०१३ च्या 'स्टार ट्रेक इनटू डार्कनेस'मध्ये खानसाहेब आपण होऊन शरण आले. तिघांनाही काचेच्या कोठड्या! खलनायकांनी एकाच कंत्राटदाराकडून तुरुंग बांधून घेतल्यासारखं वाटतं. बाकी मग काळपट चित्रण, सततचा पाऊस, घोगरा आवाज आणि कधीही न हसणारा नायक. हसला नाही म्हणजे गंभीर, दिवा लावला नाही म्हणजे वास्तववादी!

पण या सिनेमाचा प्राण कुठे होता? माझ्या मते तो फेरीबोटीत होता.

आपल्या गोव्यात फेरीबोट म्हणजे रोजची गोष्ट. त्यामुळे हा प्रसंग आपल्याला पटकन समजावा. गॉथम शहरातून दोन फेरीबोटी निघतात. एकीत साधे नागरिक, दुसरीत कैदी. दोन्हींत स्फोटकं भरलेली आणि प्रत्येक बोटीच्या हातात दुसरीला उडवण्याची कळ. मध्यरात्रीपर्यंत कोणीच कळ दाबली नाही तर जोकर दोन्ही बोटी उडवणार. नागरिकांच्या बोटीत काय होतं? मतदान! चिठ्ठ्या वाटल्या जातात, गोळा होतात, मोजल्या जातात. निकाल : कैद्यांना उडवा म्हणणारे ३९६, नको म्हणणारे १४०.

निवडणुकीच्या ड्युटीवर बसलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला या प्रसंगाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. चिठ्ठीवर माणूस काहीही लिहितो. ठराव बहुमताने मंजूर होतो. पण शेवटी सही करणारा हात एका माणसाचाच असतो आणि तो हात कुणाचा, हा खरा प्रश्न. त्या बोटीवरचा एक सुटाबुटातला गृहस्थ मोठ्या तोऱ्यात पुढे येतो, कळ हातात घेतो... आणि त्याच्याने ती दाबवत नाही. तिकडे दुसऱ्या बोटीत एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून कळ मागून घेतो आणि सरळ खिडकीतून पाण्यात फेकून देतो. मध्यरात्र उलटते. कोणीच कुणाला मारत नाही.

लक्षात घ्या, इथे जोकर हरतो तो बॅटमॅनच्या गुद्द्यांनी नव्हे. 'माणूस मुळात सडका आहे' हा त्याचा सिद्धांत ज्यांना नावंसुद्धा नाहीत अशी माणसं खोटा पाडतात. याला म्हणतात वयात आलेला सिनेमा.

आता सांगा, यानंतरच्या कुठल्या सिनेमाने ही फेरीबोट उचलली? 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) घ्या. त्याच्या निर्मात्यांत आणि कथाकारांत नोलन होता. शहराच्या मधोमध इमारतींमागून इमारती कोसळतात. त्यात मेलेल्यांची विचारपूस होते ती २०१६ मध्ये, पुढच्या सिनेमात, आणि तीसुद्धा बॅटमॅनला राग यायला कारण हवं म्हणून! खुद्द नोलनच्या 'द डार्क नाईट राईझेस'मध्ये (२०१२) महिनोनमहिने शहर वेठीला धरलं जातं, पण लढायला पोलीस आणि बॅटमॅन. नागरिक दिसले तर घरं लुटताना. आणि २०१९ चा 'जोकर'? व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, शंभर कोटी डॉलर्सही पार केले, वाकिन फीनिक्सला ऑस्कर मिळालं. त्यात जनता म्हणजे विदूषकाचे मुखवटे घालून जाळपोळ करणारा जमाव. २००८ मध्ये जे जोकरला सिद्ध करता आलं नाही, ते अकरा वर्षांनी सिनेमाने स्वतःच मान्य करून टाकलं!

दोष सगळा नकलाकारांचा नाही. मूळ सिनेमातही एक भेग आहे. बॅटमॅन शहरातल्या सगळ्या मोबाईलांवरून टेहळणी करतो. त्याचा सहकारी फॉक्स 'एवढी सत्ता एका माणसाकडे नको' म्हणून नाराज होतो, पण तेवढ्यापुरतं काम करून देतो. काम झाल्यावर यंत्र आपोआप नष्ट! सिनेमा लागण्याच्या आठच दिवस आधी, १० जुलै २००८ ला, अमेरिकेत टेहळणीची मुभा वाढवणाऱ्या आणि फोन कंपन्यांना खटल्यांपासून वाचवणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष बुश यांची सही झाली होती. अशी यंत्रं आपोआप नष्ट होत नसतात, हे सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही विचारा. तात्पुरतं म्हणून निघालेलं परिपत्रक माणसांच्या आधी निवृत्त होत नाही.

आणि शेवट? सरकारी वकील डेंटने केलेले खून बॅटमॅन आपल्या अंगावर घेतो आणि पोलीसप्रमुख गॉर्डन ते लपवतो. का, तर लोकांना सत्य झेपणार नाही. अहो, याच लोकांनी आत्ताच फेरीबोटीवर मरणाच्या दारात शहाणपण दाखवलं ना? त्यांना सत्य झेपणार नाही? नोलनलाही ही भेग दिसली असावी, कारण पुढच्या सिनेमात ते खोटं उघडं पडतं. पण तोवर 'तुमच्या भल्यासाठी तुमच्यापासून लपवतो' असं म्हणणारा नायक जगभर थोर ठरून गेला होता.

काही जण म्हणतील, सुपरहिरोच्या सिनेमाकडून एवढी अपेक्षा कशाला? कारण ती आधी पुरी झालेली आहे. २००४ च्या 'स्पायडर-मॅन २' मध्ये दमून कोसळलेल्या नायकाला आगगाडीतले उतारू हातांवर झेलतात, त्याचा चेहरा पाहूनही कुणाला सांगत नाहीत, आणि खलनायक आल्यावर त्याच्यापुढे आडवे उभे राहतात. रंगीबेरंगी, 'पोरकट' सिनेमा तो! पण सामान्य माणसाला त्यात पाठीचा कणा होता.

२०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये पुन्हा ऊन पडलं आणि नायक लढाईच्या धामधुमीत एका खारीलाही वाचवतो. चांगलं झालं. पण वाचवलं जाणं वेगळं आणि स्वतः निर्णय घेणं वेगळं. कोट्यवधी लोक तिकीट काढून हे सिनेमे बघतात आणि पडद्यावर स्वतःला पळणारी गर्दी किंवा पेटवणारी गर्दी म्हणून पाहून घरी जातात. वर्षानुवर्षं हेच पाहिलं की 'आपल्याला कोणीतरी कणखर माणूस हवा, कायदाबियदा नंतर बघू' हे वाक्य आपोआप तोंडी येतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'डार्क नाईट'च्या प्रभावाबद्दल भारावून बोलू लागला तर त्याला एवढंच विचारा, ती कळ पाण्यात कोणी फेकली? बॅटमॅनने नक्कीच नव्हे.