बुडालेलं जहाज बुडालेलंच असतं

मागच्या रविवारी दीक्षितपुऱ्यात मावशीकडे जेवायला गेलो आणि पानं वाढायच्या आधीच कोर्ट मार्शल सुरू झालं. आरोपी माझा पुतण्या, वय वर्षं सतरा. आरोप असा, की बारावीची परीक्षा चालू आहे, 21 एप्रिलला एनडीएची लेखी परीक्षा आहे, आणि पोराने कॅलेंडरवर लाल पेनने गोल केलाय तो 13 मे या तारखेला. त्या दिवशी परीक्षा नाही, निकाल नाही, घरात कुणाचं लग्नही नाही. त्या दिवशी एक व्हिडिओ गेम येणार आहे. सहआरोपी मी, कारण या खेळाचा जुना भाग त्याला बाराव्या वर्षी मीच भेट दिला होता.

दीक्षितपुरा म्हणजे जबलपूरचं जुनं शहर. 1817 पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि मराठी घरं या शहरात आजही आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. गल्लीतून माझी जिप्सी जात नाही, म्हणून ती बडा फुहाऱ्याच्या अलीकडेच सोडून चालत जावं लागतं. इथल्या पोस्टिंगचं सुख म्हणजे मावशीच्या हातचं जेवण आणि परत जाताना बांधून मिळणारी खव्याची जलेबी. त्या दिवशी दोन्ही धोक्यात आलं होतं.

दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, शांत माणूस आहे. पण त्या दिवशी म्हणाला, "तू फौजेतला माणूस, तूच सांग. ज्याला अफसर बनायचंय तो पोरगा अंतराळातल्या खोट्या जहाजांची वाट बघत बसतो. हे बचपना नाही तर काय?"

मी तेव्हा गप्प बसलो. पान वाढलेलं असताना वाद घालू नये, हे मी खडकवासल्याच्या मेसमध्ये शिकलो आहे. पण उत्तर माझ्याकडे होतं आणि ते इथे लिहितो. असाच सूर गेल्या महिन्यात एका निवृत्त कर्नलसाहेबांनीही फोनवर लावला होता, त्यामुळे हे दादापुरतं नाही.

ज्या सीनियर मंडळींचा या प्रकाराशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. खेळाचं नाव होमवर्ल्ड 3. हा 'रिअल टाइम स्ट्रॅटेजी' प्रकारातला. म्हणजे बुद्धिबळासारखी माझी पाळी, तुझी पाळी अशी भानगड नाही. तुम्ही डोकं खाजवत असता तेव्हा शत्रू थांबत नाही, तो हलतच असतो. पहिला होमवर्ल्ड सप्टेंबर 1999 मध्ये कॅनडातल्या रेलिक कंपनीने काढला. त्याच वर्षी, कारगिल धुमसत असताना, मी एनडीएत दाखल झालो होतो. पहिल्या टर्मच्या कॅडेटला झोप मिळत नाही, तिथे गेम कुठला! तो मी पाहिला 2001 मध्ये, टर्म ब्रेकला, पुण्यात एका कोर्समेटच्या घरी.

त्यात एक भलंमोठं मूळ जहाज असतं, मदरशिप. बाकी सगळं त्याच्या पोटात बनतं, आणि बनवायला लागणारा कच्चा माल आणतात छोटी संथ जहाजं. ती अशनी कुरतडून माल गोळा करतात आणि परत येऊन उतरवतात. ही मालवाहू जहाजं गेली की तुमचा कारखाना बंद. मग कितीही शूर फायटर असोत, पुढचा फायटर बनत नाही. कथा अशी, की मदरशिप पहिल्या चाचणीवरून परतते तेव्हा मागे तिचा ग्रहच जाळून टाकलेला असतो. कक्षेत निद्रावस्थेत ठेवलेले सहा लाख लोक तेवढे उरतात. त्यांना घेऊन मूळ घर शोधत निघायचं. मदरशिपशी जिचा मेंदू जोडलेला आहे त्या शास्त्रज्ञ बाईचं नाव कॅरन, इंग्रजीत लिहिलेलं चक्क 'करण' असं वाचता येतं. जबलपुरातल्या पोराला याचं हसू येणारच.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा पंधरा मिनिटांत हरलो, कारण शत्रू खालून आला. अक्षरशः खालून. अंतराळात जमीन नसते, त्यामुळे डावं-उजवं, पुढे-मागे यांच्या जोडीला वर आणि खाली पण पहारा ठेवावा लागतो. नकाशा सपाट टेबलावर पसरून विचार करायची सवय लागलेल्या डोक्याला तो झटका चांगला असतो. कारगिलच्या उंचीवर कोण वर आणि कोण खाली यावर काय काय ठरलं, ते मला वाचकांना सांगायला नको.

पण मला या खेळाची कदर आहे ती दुसऱ्या कारणाने. यात एका लढाईतून वाचलेला ताफा तसाच्या तसा पुढच्या लढाईत जातो. नवी मोहीम, नवा हिशेब असं नाही. तिसऱ्या मोहिमेत हौसेने दोन फ्रिगेट गमावल्या असतील, तर सातव्या मोहिमेत त्या दोन कमीच असतात. मी ऑर्डनन्सचा माणूस. ज्या खेळात तूट पुढच्या पानावर ओढली जाते, तो खेळ मला बचपना वाटत नाही.

आता इतिहासाकडे. युद्ध टेबलावर खेळून शिकायची रीत आम्ही व्हिडिओ गेमवाल्यांकडून घेतलेली नाही, उलट आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने नकाशा, लाल-निळे ठोकळे, फासे आणि एक पंच अशी मांडणी करून आपल्या लष्करप्रमुखांना खेळून दाखवली, आणि तिथून ती सैन्यात रुजली. आपण आजही 'ब्लू लँड' आणि 'रेड लँड' म्हणतोच ना? सँड मॉडेलभोवती छडी घेऊन उभे राहतो तेव्हा आपण दुसरं काय करत असतो? आपल्या लष्कराने 2022 मध्ये गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी नव्या वॉरगेम केंद्रासाठी करार केला, तो काही रिकामटेकड्यांनी केलेला नाही.

खेळ वाईट ठरतो तो एकाच ठिकाणी, जिथे हार पुसून टाकता येते. याचं सर्वांत मोठं उदाहरण 1942 चं आहे. मिडवेच्या लढाईआधी मे महिन्यात जपानी नौदलाने यामातो जहाजावर टेबलावरची रंगीत तालीम घेतली. पंचाने फासे टाकले आणि अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब जपानी विमानवाहू जहाजांवर पडले असा निकाल दिला. अध्यक्षस्थानी अॅडमिरल उगाकी होते. त्यांनी नवाचे तीन केले. तरीही 'कागा' बुडालं. मग पुढच्या टप्प्यात तेच 'कागा' पुन्हा टेबलावर हजर झालं. 4 जूनला खऱ्या समुद्रात खऱ्या विमानांनी आकागी, कागा आणि सोर्यू काही मिनिटांत पेटवली, आणि संध्याकाळी हिर्यूही गेलं. तिथे नवाचे तीन करणारा कुणी नव्हता.

जपान्यांना नावं ठेवायला सोपं आहे. मी कॅप्टन असताना एका सरावात माझा पुरवठ्याचा कॉन्व्हॉय सकाळी नऊ वाजता 'उडवला' गेला. पंचाने खडूने फुली मारली. बरोबर मारली होती, कारण एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, सगळा माल मी टाकला होता. दुपारच्या चहापर्यंत एका वरिष्ठांनी ती फुली बोटाने पुसली. सराव अडकून पडला असता, पाहुणे आले होते, वगैरे. माझा कॉन्व्हॉय जिवंत झाला आणि अहवालात 'पुरवठा सुरळीत' असं गेलं. मी तोंड उघडलं नाही. शाबासकी मिळाली ती घेतली. वीस वर्षांच्या नोकरीत मला लाज वाटते अशा थोड्या गोष्टी आहेत, त्यात ही वरच्या नंबरावर.

पुतण्याजवळ एक रजिस्टर आहे. दादाने ते पुराव्यादाखल माझ्यापुढे ठेवलं. प्रत्येक मोहिमेनंतर किती जहाजं गेली, कशामुळे गेली, पुढच्या वेळी काय करायचं हे त्यात लिहिलंय. खेळात जुनी 'सेव्ह' उघडून हार पुसण्याची सोय असते, हे मला माहीत आहे. मीही ती वापरलेली आहे. पठ्ठ्याने पान तिसऱ्यावर लिहून ठेवलंय, 'रीलोड नही करना.' हिंदीतच. ते वाचून मी जेवताना गप्प राहिलो, त्याचं हेही एक कारण.

दादाच्या बोलण्यातली एक विसंगती मात्र सोडणार नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली आणि दोन दिवसांत फौजी नावाच्या देशी खेळाची घोषणा झाली. 26 जानेवारी 2021 ला तो आला. त्या सकाळी याच घरात, याच दादाने तो स्वतःच्या मोबाइलवर उतरवून घेतला होता आणि मला फोन करून सांगितलंही होतं. भावना चांगली होती, उत्पन्नाचा काही भाग 'भारत के वीर' निधीला जाणार होता, तेही चांगलं. पण खेळ काय होता? गलवानच्या नावाखाली एक जवान एकेकाला हाणत पुढे जातो. त्याच्यामागे रसद नाही, थंडी नाही, रस्ता नाही, निर्णय नाही. सैनिक म्हणजे मनगट, एवढंच त्यातून पोराला कळणार. तो खेळ देशभक्ती ठरला, आणि ज्या खेळात तेल-पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो तो बचपना! ज्या मुलाला उद्या तीस-चाळीस जवानांची जबाबदारी घ्यायची आहे, त्याला यांतलं कुठलं वळण लागावं असं वाटतं, ते दादाने सांगावं.

एवढी वकिली केल्यावर पुतण्याचेही कान धरतो.

होमवर्ल्ड 3 ची घोषणा झाली ऑगस्ट 2019 मध्ये, लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन. तेव्हा सांगितलं 2022 च्या शेवटी येईल. मग 2023. मग फेब्रुवारी 2024. मग 8 मार्च. फेब्रुवारीत लोकांना नमुना खेळायला दिला, आणि खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रिया आल्यावर आता 13 मे. "काका, डेट फिर आगे गेली," असा त्याचा मेसेज आला तेव्हा मी एका कॉन्फरन्समध्ये होतो आणि चेहरा सरळ ठेवणं जड गेलं. मावशी म्हणते, परीक्षेआधीची तारीख परीक्षेनंतर गेली, देवच पावला.

उशिराबद्दल माझी तक्रार नाही. याच जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरीत धनुष तोफ तयार झाली. 2017 च्या चाचण्यांत गोळा मझल ब्रेकला लागण्याचे प्रकार घडले. चाचण्या थांबल्या, दोष शोधले, पुन्हा डागून पाहिलं. पहिल्या सहा तोफा लष्कराच्या ताब्यात आल्या त्या 8 एप्रिल 2019 ला. त्या दोन वर्षांत पेपरवाल्यांनी खूप टोमणे मारले. पण ज्याला त्या तोफेजवळ उभं राहायचं असतं, त्याला विचारा उशीर चालेल का फुटलेलं तोंड.

तक्रार आहे ती आगाऊ पैशांची. पुतण्याने क्रिकेट कोचिंगच्या छोट्या मुलांना शिकवून साठवलेले पैसे या खेळासाठी आधीच भरून ठेवायचं ठरवलंय. का, तर आधी भरणाऱ्यांना चार चकचकीत वस्तू मिळतात. अरे बाबा, चाचणी झाल्याशिवाय माल ताब्यात घेऊ नये, हे तुझ्या काकाच्या खात्याचं पहिलं पान आहे. आणि इथे तर चारदा तारीख बदलली आहे! पुरवठादाराने चारदा तारीख बदलली तर मी त्याच्या गोदामात स्वतः जाऊन बसतो, चेक पाठवत नाही. ट्रेलर पाहून भुलू नकोस. ट्रेलरमध्ये प्रत्येकाची तोफ नेमकी लागते. नव्या खेळात अंतराळातल्या प्रचंड भग्न बांधकामांच्या आडोशाने लढायचं आहे म्हणतात. छान आहे, डोंगरातल्या लढाईसारखं काहीतरी होईल. झालं नाही तर? 13 मे उलटू दे, आठवडाभर लोकांना खेळू दे, मग घे. या खेळावर वीसहून अधिक वर्षं प्रेम करूनही मी तेच करणार आहे.

हे सगळं मी जेवणानंतर, सुपारी कातरत, दादाला थोडक्यात सांगितलं. कागाची गोष्ट त्याने नीट ऐकली. माझ्या कॉन्व्हॉयची त्याहून नीट. बराच वेळ रजिस्टरची पानं उलटत होता. मग पोराला विचारलं, "ये सातवी मोहीम में इतने सारे क्यों गये?"

पोरगा उठून जवळ जाऊन बसला आणि सांगायला लागला. मालवाहू जहाजांसोबत पहारा पाठवला नव्हता म्हणे.

तह असा झाला: कॉम्प्युटरची पॉवर केबल 21 एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत मावशीच्या कपाटात राहील. आगाऊ पैसे कुणी भरणार नाही. रजिस्टर मात्र पोराकडेच राहील. कपाटाची चावी मावशीने कमरेला लावली आणि मला जलेबीचा पुडा दिला. गल्लीच्या तोंडापर्यंत दादा सोडायला आला. जिप्सीपाशी थांबून त्याने हळूच विचारलं, "तो पहिलावाला, 1999 चा, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर चालेल का रे?"