मेल मुक्कामाला कुठे?

आई-बाबांना स्मार्टफोन घेऊन देणारी मुलं सगळं करतात. स्क्रीनगार्ड लावतात, कव्हर चढवतात, व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून देतात, नातवाचा फोटो वॉलपेपरला टाकतात आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत जातात. मेलचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. मेल आता कोण बघतं, अशी त्यांची समजूत. पण म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, विम्याची पॉलिसी, आयकर खात्याची पत्रं हे सगळं पैशाचं टपाल अजून मेलवरच येतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मोडेमच्या किर्रकिर्र आवाजाच्या काळापासून घरच्या कॉम्प्युटरवर आउटलुक वापरतात. गेल्या महिन्यात साधा फोन जाऊन नवा आला. मेल जोडला, तर आत जेमतेम कालची-परवाची चार पत्रं. "अरे, माझं इतक्या वर्षांचं टपाल गेलं कुठे?" काका चक्क घाबरले होते. गेलं कुठेच नव्हतं. सगळं कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर होतं, आणि फक्त तिथेच होतं.

याला कारण म्हणजे पॉप. मेल उतरवून घेण्याची ही पद्धत १९८४ची. तिची आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ची. सर्व्हरशी जोडायचं, आलेली पत्रं आपल्या मशीनवर उतरवायची, सर्व्हरवरची प्रत पुसायची आणि लाइन तोडायची. त्या काळी हा शहाणपणाच होता. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा ते फोनच्या तारेवरून यायचं आणि मिनिटामिनिटाचं बिल पडायचं. घरात कॉम्प्युटर एकच. उतरवा, लाइन तोडा, मग सावकाश वाचा. सर्व्हरवर प्रत ठेवायची सोय होती, पण तिथली जागा एवढीशी. हॉटमेल फुकटात दोन एमबी देत होतं. आजच्या एका फोटोतच ती संपेल.

दुसरी पद्धत आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६मध्ये स्टॅनफर्डला आखली, म्हणजे तीही काही परवाची नाही. तिच्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात. बँकेतली शिल्लक पासबुकात पाहा नाहीतर एटीएमवर, पैसे असतात बँकेतच, तसं हे. पण त्यासाठी सर्व्हरवर ऐसपैस जागा हवी. ती १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने देऊ केली, एक जीबी. तारीख बघून अनेकांना ही थट्टाच वाटली होती.

तेव्हा काकांच्या दुखण्याला औषध आहे. आधी कॉम्प्युटरवरच्या जुन्या मेलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढायची. मग तोच मेल आउटलुकमध्ये आयमॅप पद्धतीने नव्याने जोडायचा आणि जुनी फोल्डरं ओढून त्यात टाकायची. ती सर्व्हरवर चढतात आणि फोनमध्येही दिसू लागतात. रात्रभर लागेल, लागू दे. फक्त चढवण्याआधी जागा बघून घ्यावी. जीमेलचे फुकटचे १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असतात. ते भरले की नवे मेल यायचे थांबतात, आणि बऱ्याचदा ते भरलेले असतात लग्नाच्या व्हिडिओंनी.

आता उलट बाजू. आयमॅपमध्ये इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. "फोनमध्ये जागा नाही" म्हणून धडाधड मेल उडवणारी माणसं मी पाहिली आहेत. कॉम्प्युटरवरचेही उडाले हे त्यांना महिन्याने कळतं. जीमेलची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते, म्हणजे तोवर उशीर झालेला असतो. खरं तर फोनची जागा मेल फारशी खात नाहीत, ती खातात सुप्रभातचे व्हिडिओ. मेल फोनवर नकोच असेल तर फोनमधून ते खातं काढून टाका. मेल जागच्या जागी राहतात.

मला जास्त छळतो तो मात्र वेगळाच प्रकार. बसमध्ये उभ्या उभ्या फोनवर मेल उघडला की तो सगळीकडे 'वाचलेला' होतो. घरी कॉम्प्युटरवर त्याची ठळक अक्षरं गेलेली असतात आणि उत्तर कायमचं राहतं. म्हणून उत्तर द्यायचा मेल फोनवर उघडला की मी तो लगेच 'न वाचलेला' करून ठेवतो. फोन वाचायला, कॉम्प्युटर लिहायला, अशी माझी सरळ वाटणी. अंगठ्याने लिहिलेल्या मेलमधून झालेले गैरसमज निस्तरायला पुढे तीन मेल लागतात. आणि घंटी एकाच उपकरणावर ठेवा. फोन, टॅब आणि लॅपटॉप एकाच पत्रासाठी ओळीने किणकिणले की घरात कुणीतरी चिडतंच.

जुना फोन कामवाल्या मावशींना किंवा भाच्याला देताना सिम काढलं की झालं, असं समजू नका. त्यात तुमचं खातं उघडंच असतं. आधी खातं काढा, मग फोन पूर्ण रिसेट करा. शिवाय पासवर्ड विसरल्यावर ओटीपी ज्या नंबरवर येतो, तो बऱ्याच घरांत कधीच बंद झालेला किंवा परदेशी गेलेल्या मुलाचा असतो. बंद नंबर कंपन्या पुढे दुसऱ्याच माणसाला देतात. तेव्हा आज जेवण झाल्यावर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो नंबर तेवढा पाहा, आणि तुमचा नसेल तर झोपण्याआधी बदला.