अडथळा कोणाचा, भुर्दंड कोणावर?

१२ सप्टेंबर २०१९ रोजी दुपारी चेन्नईच्या पल्लिकरणै भागातून एक २३ वर्षांची तरुणी कामावरून स्कूटरने घरी निघाली होती. ती सॉफ्टवेअर कंपनीत अभियंता होती. रस्त्याच्या दुभाजकावर एका लग्नाचे फलक ओळीने बांधलेले होते. त्यांपैकी एक तिच्यावर कोसळला, तोल जाऊन ती रस्त्यावर पडली आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली सापडली. लग्न होते त्या वेळी तामिळनाडूत सत्तेवर असलेल्या अण्णा द्रमुक पक्षाच्या एका माजी नगरसेवकाच्या घरचे. फलकांना परवानगी नव्हती. राजकीय पक्षांनी रस्त्यांवर असे फलक लावू नयेत असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्येच दिलेला होता.

यानंतर जे घडले त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. टँकरच्या चालकाला ताबडतोब अटक झाली. फलक लावणारा पोलिसांच्या हाती लागायला दोन आठवडे लागले. उच्च न्यायालयाने राज्य सरकारला झोडपले, मृत मुलीच्या कुटुंबाला ५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्यास सांगितले आणि ती रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी असे सुचविले. पुढाऱ्यांनी आपापल्या अनुयायांना फलक न लावण्याची आवाहने केली. आणि अवघ्या तीन आठवड्यांनी, मामल्लपुरम येथे होणाऱ्या भारत-चीन शिखर भेटीच्या स्वागताचे फलक रस्त्यावर लावण्यासाठी सरकार त्याच न्यायालयाकडे परवानगी मागण्यास गेले. परवानगी मिळालीही.

मृत्यू झाला म्हणून निदान एवढे तरी घडले. परंतु रस्त्यावरच्या अडथळ्याने माणूस मरत नाही, केवळ वाहन मोडते, तेव्हा काय होते? अशा घटना रोजच्या रोज घडतात आणि त्यांची कोठेही नोंद होत नाही. गटारासाठी खणलेला आणि कठड्यावाचून तसाच सोडलेला खड्डा, रस्त्यावर ओतलेली खडी, अर्धवट उघडे मॅनहोल, वाऱ्याने पडलेली कमान, मुळे उघडी पडलेले झाड. टॅक्सीचा आस तुटतो, काच फुटते, टप चेपतो. कर्जावर घेतलेली गाडी गॅरेजमध्ये उभी राहते, रोजची कमाई बंद पडते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

अशा वेळी साधारणतः असे समजले जाते की विमा आहे, तो देईल. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा हा त्रयस्थ पक्षाचा विमा आहे. वाहनाने दुसऱ्याचे नुकसान केले तर तो उपयोगी पडतो; रस्त्याने वाहनाचे नुकसान केले तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी वेगळा हप्ता भरून सर्वंकष विमा घ्यावा लागतो. तो घेतला असला तरी रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते, ठराविक रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते आणि एकदा दावा केला की वर्षानुवर्षे साठलेली, ५० टक्क्यांपर्यंत जाणारी हप्त्यातील सूट गमवावी लागते. म्हणजे खड्डा कंत्राटदाराचा, आणि त्याची किंमत वाहनधारक विमा कंपनीमार्फत हप्त्याहप्त्याने स्वतःच भरतो.

कायद्याचे इतर दरवाजे ठोठावून पाहावेत. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत मृताच्या वारसांना २ लाख रुपये देण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. परंतु झाड किंवा खडीचा ढीग हे काही पळून गेलेले वाहन नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले आणि रस्त्याच्या बांधणीत व देखभालीत कसूर करणाऱ्या यंत्रणेला व कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड ठरला. मात्र त्यासाठी कोणाचा तरी मृत्यू व्हावा लागतो किंवा कोणाला तरी अपंगत्व यावे लागते. नुसती गाडी मोडली तर हे कलम हलत नाही. उरतो दिवाणी दावा. त्यासाठी न्यायालयीन शुल्क, वकील आणि अनेक वर्षे लागतात. वीस हजारांच्या दुरुस्तीसाठी त्याहून अधिक खर्च कोणता टॅक्सीचालक करील?

दावा केलाच तर निकाल काय लागेल, हेही निश्चित नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील जुना घड्याळ मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसे मेली. त्या प्रकरणी १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतची वास्तू सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि दोष वरून दिसत नव्हता ही सबब चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. परंतु १९९७ मध्ये राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात, रस्त्याकडेचे झाड पडून कामावर निघालेला माणूस मेला असताना, त्याच न्यायालयाने महापालिकेला जबाबदारीतून मुक्त केले आणि खालच्या न्यायालयांनी दिलेली भरपाई रद्द केली. झाड पडणार हे महापालिकेला ठाऊक होते, हे विधवेने सिद्ध करायचे! झाडांची तपासणी कोणी केली, कधी केली, केलीच नाही का, ही कागदपत्रे असतात महापालिकेच्या कचेरीत. पुरावा मात्र मागितला जातो रस्त्यावरच्या माणसाकडे.

जून २०२२ मध्ये चेन्नईच्या के. के. नगर भागात धावत्या मोटारीवर झाड कोसळून आतील बँक व्यवस्थापक महिलेचा मृत्यू झाला. जवळच पावसाळी गटाराचे काम चालू होते. त्या कामानेच मुळे सैल झाली, असे रहिवाशांचे म्हणणे होते. महापालिकेने ते नाकारले आणि पावसाकडे बोट दाखविले. १६८८ साली स्थापन झालेली, देशातील सर्वांत जुनी ही महापालिका. पण आपल्याच रस्त्यावरील झाड का पडले, हे ठरविण्याचा अधिकारही आरोप असलेल्या यंत्रणेकडेच राहिला.

मुंबईचे चित्र निराळे नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळला, १७ जण मृत्युमुखी पडले आणि कित्येक वाहने चिरडली गेली. पालिका म्हणाली, आमची परवानगी नव्हती. जागा रेल्वे पोलिसांची होती. जाहिरातीचे उत्पन्न गोळा होत होते तोवर हा हद्दीचा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत आणि ही रक्कम दोषी अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु हा आदेश मृत्यू आणि दुखापतीपुरता आहे. शिवाय वसुली झालीच नाही तर भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा जनतेच्या खिशातूनच जाणार.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. चालकाने सावध राहावे, हा पहिला. चालकाची चूक असेल तेथे भरपाई कमी करण्याचे तत्त्व कायद्यात आहेच. पण डोक्यावर कोसळणाऱ्या फलकापुढे सावधगिरी ती कोणती? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जबाबदारीच्या भीतीने पालिका सरसकट झाडेच तोडतील, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. डिसेंबर २०१६ च्या वरदा चक्रीवादळात चेन्नईतील हजारो झाडे उन्मळून पडली आणि त्यांखाली उभी वाहने चेपली गेली. परंतु झाडांना धोकादायक कोण बनवितो? बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतणारा आणि गटारासाठी मुळे छाटणारा कंत्राटदार. जबाबदारी त्याच्यावर टाकली तर झाडे वाचतील. ती कोणावरच टाकली नाही तर झाडेही जातील आणि माणसेही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळ्याने मृत्यू, दुखापत किंवा वाहनाचे नुकसान झाल्यास दोष सिद्ध करण्याची अट न घालता ठराविक मुदतीत भरपाई मिळावी. आपण काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार यंत्रणेवर असावा. प्रत्येक खोदकामावर कंत्राटदाराचे नाव आणि मुदत लिहिलेली पाटी असावी व त्याच्या अनामत रकमेतून प्रथम वसुली व्हावी. बेकायदा फलकाची भरपाई तो लावणाऱ्याकडून घेतली जावी, मग त्यावर झेंडा कोणत्याही पक्षाचा असो.

हे शेवटचे कलम प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला बांधून घेते. सभेचा फलक बांधताना, कमान उभारताना त्याखालून कोण जाणार आहे याचा विचार ज्याने केला नाही, त्याला इतरांकडे हिशेब मागण्याचा अधिकार उरत नाही. रस्ता सर्वांचा आहे. तो अडविणारा ओळखला जातो, त्याचा नफाही मोजता येतो. भरपाईचे देयक त्याच्याच पत्त्यावर गेले पाहिजे.