पिवळं दिसलं की सोनकी नसते

वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, रंगाच्या जुन्या डब्यात सदाफुली आहे. मूळची मादागास्करची. दसऱ्याला दारावर झेंडू लागतो, तो मेक्सिकोचा. तेव्हा परदेशी झाड दिसलं की उपटा म्हणणाऱ्यांतला मी नाही. झाड आलं कुठून यापेक्षा ते इथे काय करतंय, ते बघावं.

आता तुमचं सप्टेंबरातलं रील काढा. पुण्याजवळची टेकडी, कमरेएवढी केशरी-पिवळी फुलं, त्यात हात पसरून तुम्ही, आणि खाली लिहिलंय ‘सह्याद्रीचं सोनं’. ती सोनकी नाही हो. तो कॉसमॉस, बागेतून निसटलेला. हाही मेक्सिकोचाच, पण झेंडू लावला तिथे राहतो, हा अख्खा उतार व्यापतो. मग गवताला, तेरड्याला, खऱ्या सोनकीला जागा कुठली?

ओळखणं अवघड नाही. सोनकी साधारण गुडघ्याएवढी, फूल लहान, पान अखंड आणि कडेला दातेरी. कॉसमॉसचं पान झेंडूसारखं चिरलेलं, पाकळ्या रुंद, टोकाला कातरलेल्या. बी सुईसारखं लांब, कपड्यांना अडकतं. म्हणजे रील काढून तुम्ही पुढच्या गडावर गेलात की तेही आलं. फोनमधलं ॲप नाव सांगेल, पण ते झाड इथलं की पळून आलेलं, हे पुढे तुम्हालाच शोधावं लागतं. घाणेरीसुद्धा कुणीतरी बागेत शोभेला म्हणूनच आणली होती. आज गडाची वाट तिच्यातून काढावी लागते.

आणि ते सीडबॉल! कासचं पठार 2012 साली युनेस्कोच्या यादीत गेलं, ते झाडं नसलेल्या सड्यासकट. जांभ्यावर जेमतेम मातीचा थर, तोही निकस. म्हणून तर तिथली दवबिंदू आणि सीतेची आसवं किडे पकडून पोट भरतात. असे सडे सह्याद्रीत जागोजागी आहेत. आपल्याला ते ओसाड वाटतात, आणि आपण तिथे ‘हिरवळ’ करायला निघतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीतली पोरंही गोणी भरून सीडबॉल घेऊन गेली होती. मीही फेकले, चांगले लांब लांब. आत जांभूळ, करंज आणि कुणीतरी दिलेलं फुलांच्या बियांचं एक पाकीट होतं. पाकिटावरचं नाव आमच्यापैकी एकानेही वाचलं नव्हतं.